पलंगाखालचं मांजर

पार्किंगमधून किंवा रस्त्यावरून उचलून घरी आणलेलं मोठं मांजर पहिल्या दिवशी बहुतेक वेळा एकच काम करतं. घरातली सगळ्यात अंधारी, सगळ्यात अरुंद जागा हुडकून काढतं आणि तिथे जाऊन बसतं. पलंगाखाली, कपाटामागे, वॉशिंग मशीनच्या फटीत. मग घरातली माणसं आळीपाळीने वाकून बघतात, मोबाइलचा टॉर्च मारतात, “ये ना गं मने” म्हणून आर्जवं करतात आणि संध्याकाळपर्यंत पलंगच बाजूला सरकवतात. हेतू चांगलाच असतो, पण मांजराने स्वतःवर सुरू केलेला उपाय आपण त्या क्षणी मोडून टाकतो.

लपणं हा खरोखरच उपाय आहे. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी निवारा केंद्रात नव्याने आलेल्या १९ मांजरांचे दोन गट केले. एका गटाला लपायला खोकं दिलं, दुसऱ्याला दिलं नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात खोकं मिळालेली मांजरं तीन-चार दिवसांतच बरीच सावरलेली दिसली. बाकीच्यांना तिथवर पोचायला जास्त दिवस लागले.

असं का होतं, याचं उत्तर मांजराच्या मूळ स्वभावात आहे. आपलं घरगुती मांजर उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या रानमांजरापासून आलं. हा प्राणी एकट्याने शिकार करतो आणि आकाराने लहान असल्यामुळे स्वतःही कुणाची तरी शिकार होऊ शकतो. पाठीशी कळप नाही. त्यामुळे संकटात त्याच्याकडे तीनच मार्ग उरतात: लांब जाणं, उंच जाणं, दडून बसणं. हे तिन्ही बंद झाले की मगच ते फिस्कारतं, पंजा मारतं, चावतं. ज्याला आपण ‘रागीट’ म्हणतो, ते मांजर बहुतेकदा वाट अडलेलं मांजर असतं.

भीतीच्या वेळी अंगात काय चालतं तेही बघू. मेंदूतला धोका ओळखणारा भाग इशारा देतो, क्षणात ॲड्रेनलिन सुटतं, हृदय धडधडतं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. पाठोपाठ कॉर्टिसोल वाढतं आणि ते लवकर उतरत नाही. एका भीतीतून सावरायच्या आत दुसरी आली तर शरीर त्याच ताणलेल्या अवस्थेत राहतं. पाहुणे आले, मिक्सर लागला, कुणीतरी उचलून घेतलं, असं एकाच दुपारी घडलं की संध्याकाळी चमचा पडल्याच्या आवाजानेही मांजर उधळतं. कारण चमचा नसतो, दिवसभर साठलेला ताण असतो.

सगळ्यात जास्त फसवतं ते गप्प मांजर. “किती शांत आहे, काही त्रास नाही,” असं ज्याच्याबद्दल म्हटलं जातं, ते पुष्कळदा भीतीने गोठलेलं असतं. जवळून पाहा. चारही पंजे पोटाखाली दाबलेले, शेपटी अंगाला घट्ट लपेटलेली, मान खांद्यांत ओढलेली, कान बाजूला झुकलेले. डोळे मिटलेले असले तरी कान मात्र प्रत्येक आवाजाकडे वळतात. खरी झोप लागलेलं मांजर कुशीवर पडतं, पंजे सैल सोडतं, डोकं टेकवतं. घुर्रघुर्र ऐकूनही लगेच निश्चिंत होऊ नये. दुखणाऱ्या, घाबरलेल्या मांजरीही घुरघुरतात.

हे सगळं पाहून आपण सहज म्हणतो, “कुणीतरी मारलं असेल बिचारीला.” मारलेलं असू शकतं, पण दरवेळी तेच कारण नसतं. पिल्लाच्या वयाचा साधारण दुसरा ते सातवा आठवडा हा माणसाची ओळख होण्याचा काळ असतो. अमेरिकेतल्या टेंपल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी केलेल्या कामातून हे पुढे आलं. त्या दिवसांत माणसाचा हात लागला नाही, तर पुढे कुणी कधी न मारलेलं मांजरही माणसाला भिऊन राहतं. यात बापाचाही वाटा असतो. सँड्रा मॅक्यून यांनी १९९५ मध्ये दाखवलं, की धीट बोक्याची पिल्लं बापाला न बघताही अधिक धीट निघतात. म्हणून आपल्याकडच्या मांजराची दुसऱ्याच्या मांजराशी तुलना करू नये. सुरुवातच वेगळ्या ठिकाणाहून झालेली असते.

जुनी भीती पुसली जात नाही, हे मात्र खरं. तिच्यावर नव्या, सुरक्षित अनुभवांचा थर चढतो. आमच्याकडची तिरंगी मांजरी पार्किंगमधून आली. मांडीवर झोपण्याइतकी रुळली, तरी खाली अंगणात खराटा फिरायला लागला की ती अजूनही पोटावर सरपटत आतल्या खोलीत जाते. आजारपणात, घर बदलताना, नवं माणूस आलं की अशी भीती पुन्हा वर येते. तेव्हा सगळी मेहनत वाया गेली असं समजू नये. दुसऱ्या खेपेला सावरायला बहुधा कमी वेळ लागतो.

मग करायचं काय? आधी घर लहान करा. सगळा फ्लॅट मोकळा देण्यापेक्षा एकच खोली द्या. आडवं ठेवलेलं पुठ्ठ्याचं खोकं, चढून बसायला उंच जागा, एका कोपऱ्यात वाळूचा ट्रे आणि त्याच्यापासून लांब पाणी आणि खाणं. खिडकीला जाळी हवीच; घाबरलेलं मांजर चौथ्या मजल्यावरूनही उडी टाकतं. खाण्याच्या वेळा ठरलेल्या असू द्या. पुढे काय होणार हे आधी कळणं हाच मांजराला मोठा आधार असतो.

वासाकडे आपलं फार दुर्लक्ष होतं. मांजर गाल घासून वस्तूंवर स्वतःचा वास ठेवतं आणि त्या वासानेच जागा ओळखीची होते. मांजरीचं झोपायचं फडकं रोज धुवायला टाकू नका. फरशीला फिनेल तर नकोच, त्यातले काही घटक मांजराच्या यकृताला पचत नाहीत.

तुम्ही स्वतः खोलीत जमिनीवर बसा, तिच्याकडे पाठ किंवा बाजू करून, आणि आपलं वाचन करा. नजर रोखू नका. डोळे सावकाश अर्धवट मिटून उघडा. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं, की अशी उघडझाप करणाऱ्या अनोळखी माणसाकडे मांजरं जास्त सहज येतात. ती आली, तरी हात डोक्यावरून नेऊ नका. एक बोट तिच्या नाकाच्या उंचीवर स्थिर धरा. तिने हुंगून गाल घासला तर गालावर, हनुवटीखाली दोन-तीनदा बोट फिरवा आणि थांबा. आणखी हवं असेल तर ती स्वतः डोकं पुढे करेल. शेपटीचं टोक फटकारायला लागलं किंवा पाठीची कातडी थरथरली तर हात मागे घ्या. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हे थांबणंच आहे. आपण निघून जाऊ शकतो हे कळलं, की मांजर थांबायला तयार होतं.

काही गोष्टींत मात्र धीर धरून चालत नाही. मांजराने दिवसभर काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना कळवा. उपास दोन-तीन दिवस लांबला तर यकृतात चरबी साठून जीव धोक्यात येतो. ताणाने मूत्राशयाला सूज येऊ शकते. बोका वारंवार ट्रेमध्ये बसतोय, कुंथतोय आणि थेंबही येत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. दातदुखी, जुनं फ्रॅक्चर यांमुळेही मांजर अंग चोरतं. म्हणून तपासणी लवकर करून घ्यावी. घरातली पॅरासिटामॉल कधीही देऊ नये, ती मांजराला विष ठरते. भीती फारच खोल असेल तर पशुवैद्य औषधं देतात आणि ती घेण्यात कमीपणा नाही. ओरखडा किंवा चावा बसला तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुऊन त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठा.

दिवाळीच्या आठवड्यात फटाक्यांमुळे जरा जास्त जपा. मांजराला सुमारे ८५,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, आपल्याला २०,००० पर्यंत. खिडक्या लावून, पडदे ओढून, पंखा चालू ठेवून तिचं खोकं आतल्या खोलीत हलवा आणि तिला बाहेर काढू नका.

शेवटी एक अवघड गोष्ट. लहानपणी माणूस न पाहिलेल्या काही मोठ्या मांजरांना घरात आणणं म्हणजे त्यांना कोंडणं असतं. शेपटी उभी करून पुढे येणारं, आपल्याकडे बघून म्यावम्याव करणारं मांजर पूर्वी कुणाच्या तरी घरी राहिलेलं असण्याची शक्यता मोठी. त्याला घर शोधून द्यावं. जे दुरूनच पळतं, आवाज करत नाही, पिंजऱ्यात भिंतीवर धडका घेतं, त्याची नसबंदी आणि लसीकरण करून, ओळखीसाठी कानाचं टोक कापून, त्याच्याच गल्लीत परत सोडावं. रोज एकाच वेळी, एकाच जागी खाणं ठेवावं आणि चार पावलं मागे सरून उभं राहावं.