तारकागुच्छांचे मूळ वतन : गैरसमज आणि वस्तुस्थिती

काशीच्या ज्या संस्कृत महाविद्यालयात महाराष्ट्रातून आलेल्या बापूदेव शास्त्र्यांनी अध्यापन केले आणि १८६१ साली सूर्यसिद्धान्ताचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, त्याच महाविद्यालयाच्या आवारात १९५४ साली उत्तर प्रदेशाची वेधशाळा स्थापन झाली व पुढे ती नैनितालला गेली. काशीतून मे महिन्याच्या मध्यास, रात्री दहाच्या सुमारास, चित्रेच्या थेट खाली दक्षिण क्षितिजापासून सुमारे १७ अंशांवर लहान दुर्बीण रोखली, आणि आकाश निरभ्र असले, तर धुक्याच्या गोळ्यासारखा एक ठिपका दिसतो. तोच ओमेगा सेंटॉरी हा बंदिस्त तारकागुच्छ, म्हणजे ताऱ्यांचा घट्ट, गोलाकार समूह.

गैरसमज : सर्व तारकागुच्छ सारखेच पुरातन असतात.

वस्तुस्थिती : कृत्तिकांचे नाव वेदकाळापासून आपल्या ओठी आहे, तथापि तो विखुरलेला गुच्छ सुमारे १० कोटी वर्षांचाच आहे. बंदिस्त गुच्छ बहुधा १,००० ते १,३०० कोटी वर्षांचे असतात. जड तारे आपले इंधन लवकर संपवितात. म्हणून मागे उरलेल्या ताऱ्यांचा रंग आणि तेज पाहून गुच्छाचे वय काढता येते.

गैरसमज : आकाशगंगेभोवतीचे सारे गुच्छ आकाशगंगेतच जन्मले.

वस्तुस्थिती : आकाशगंगेभोवतीच्या दीडशेहून अधिक बंदिस्त गुच्छांपैकी अनेक इथलेच आहेत, परंतु कित्येकांचे मूळ वतन आकाशगंगेने गिळलेल्या बटुदीर्घिकांत, म्हणजे लहान दीर्घिकांत, होते. खगोलशास्त्रज्ञ मेसिए यांनी १७७८ साली नोंदविलेला ५४ क्रमांकाचा गुच्छ आपल्याच आकाशगंगेचा मानला जात असे. १९९४ साली धनु राशीत एक बटुदीर्घिका सापडली, तेव्हा तो तिच्या गाभ्याशी असल्याचे उघड झाले.

गैरसमज : इतक्या जुन्या जन्माचा दाखला मिळणे अशक्य आहे.

वस्तुस्थिती : दुर्गाघाट-ब्रह्माघाटाकडील मराठी घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली बोली जशी त्यांच्या मूळ मुलुखाची साक्ष देते, तशीच साक्ष गुच्छाची कक्षा आणि त्यातील ताऱ्यांमधले लोहाचे प्रमाण देते. ओमेगा सेंटॉरीतील ताऱ्यांत हे प्रमाण एकसारखे नाही, तेथे ताऱ्यांच्या अनेक पिढ्या नांदल्या. म्हणूनच तो एखाद्या गिळलेल्या दीर्घिकेचा उरलेला गाभा असावा, असे बहुतेक खगोलशास्त्रज्ञ मानतात. शिवाय २०२४ साली जेम्स वेब दुर्बिणीच्या वेधांतून, महास्फोटानंतर अवघ्या ४६ कोटी वर्षांच्या काळातील एका चिमुकल्या दीर्घिकेत, पाच घट्ट तारकागुच्छ नुकतेच जन्मलेल्या अवस्थेत दिसले.

चित्रेखालचा तो धूसर ठिपका पाहताना, आपण बहुधा एका नामशेष झालेल्या दीर्घिकेचे हृदय पाहत आहोत, याचे स्मरण असावे.