चार शुभवर्तमाने आणि एक 'लीळाचरित्र'

सुरतेच्या दक्षिणेस, मुंबईच्या लोहमार्गावर वसलेल्या सचिन येथे कारखान्यांच्या निमित्ताने आलेली खानदेशी मंडळी पुष्कळ आहेत. याच मार्गाने सुरत ओलांडून उत्तरेस गेले की नर्मदाकाठचे भडोच लागते. परंपरेप्रमाणे चक्रधरस्वामींचे ते मूळ स्थान. ख्रिस्ती शुभवर्तमानांच्या उगमाविषयी लिहिताना प्रथम स्वामींचे स्मरण व्हावे, हे वरकरणी विसंगत वाटेल. परंतु सत्पुरुषाच्या पश्चात त्याच्या आठवणी ग्रंथरूप कशा होतात, या प्रश्नाचा परिचय मराठी अभ्यासकास 'लीळाचरित्रा'ने पूर्वीच करून दिला आहे.

येशूची चार चरित्रे 'नव्या करारा'त आहेत. त्यांपैकी मत्तय, मार्क आणि लूक यांच्यात विलक्षण साम्य आढळते. मार्काच्या सुमारे ६६० वचनांपैकी ६०० च्या आसपास वचने या ना त्या रूपाने मत्तयात आली आहेत. हे साम्य केवळ प्रसंगांचे नाही, शब्दांचेही आहे. एक उदाहरण फार बोलके आहे. येशूचे भाषण चालू असता मध्येच वाचकाला उद्देशून एक सूचना येते, आणि ती मार्क व मत्तय या दोहोंत नेमक्या त्याच ठिकाणी येते. बोलणारा श्रोत्यांशी बोलतो, वाचकांशी नव्हे. तेव्हा ही सूचना एका लेखणीतून दुसऱ्या लेखणीत गेली असली पाहिजे. मार्क सर्वांत जुना, इ. स. ७० च्या सुमाराचा, व इतर दोघांपुढे तो होता, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. मार्कात नसलेली सुमारे २०० वचने मत्तय व लूक यांत समान आहेत. ती एका लुप्त वचनसंग्रहातून आली असावीत, अशी कल्पना करून त्या संग्रहास 'क्यू' म्हणतात (जर्मन 'क्वेले' म्हणजे उगम). त्याचे एकही हस्तलिखित मिळालेले नाही. लुकाने मत्तयच वाचला होता असे म्हणणाराही एक पक्ष आहे. न सापडलेल्या ग्रंथाचे अध्याय पाडण्याइतका आत्मविश्वास मला तरी रुचत नाही.

भेद पाहावे तर जन्मकथेतच. तारा, पूर्वेकडील ज्ञानी पुरुष, हेरोदाचा कोप आणि मिसर देशात पलायन हे सारे मत्तयात. खानेसुमारी, गव्हाण आणि मेंढपाळ लुकात. मार्कात जन्मकथाच नाही. योहान तर सृष्टीच्या आरंभापासून, शब्दब्रह्माची आठवण व्हावी अशा रीतीने, प्रारंभ करतो; आणि मंदिरातून व्यापाऱ्यांना हाकलण्याचा जो प्रसंग इतर तिघे अखेरीस घालतात, तो हा आरंभीच सांगतो. मत्तय ज्यांना आत्म्याने दीन म्हणून धन्य म्हणतो, त्यांना लूक नुसते दीन म्हणतो. हा फरक लेखनप्रमादाचा नव्हे. दोघांसमोरचा श्रोतृवर्ग व त्यांचा रोख निराळा होता.

आता म्हाइंभटाकडे वळू. स्वामींच्या सहवासात राहिलेल्यांना गाठून, विचारून, त्याने तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात लीळा जमविल्या. चौदाव्या शतकाच्या आरंभी धामधुमीत मूळ पोथी गेली, आणि शिष्यांनी स्मरणावरून ती पुन्हा सिद्ध केली. त्यामुळे पाठ अनेक झाले. मात्र पंथाने भेद पुसले नाहीत. हिराइसा, रामेश्वरबास यांच्या नावांनी ते पाठ नोंदले गेले. लूकही प्रस्तावनेत आपल्या आधीच्या लेखकांचा व प्रत्यक्षदर्शींचा निर्देश करतो, परंतु कोणाचेही नाव देत नाही. या बाबतीत आपली परंपरा अधिक काटेकोर ठरते, असे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा.

चारही कथा एकजीव करण्याचा मोह फार जुना आहे. दुसऱ्या शतकात तातियानाने तसा ग्रंथ रचला व सिरियाई चर्चमध्ये तो दीर्घकाळ वाचला गेला. मराठीत हेच कार्य फादर स्टीफन्सने केले. १६१६ मध्ये गोव्यातील राशोल येथे रोमन लिपीत छापलेल्या त्याच्या 'ख्रिस्तपुराणा'च्या सुमारे ११ हजार ओव्यांत मेंढपाळ आणि ज्ञानी पुरुष एकाच कथाप्रवाहात येतात. पुराणास ते शोभतेही. श्रोत्याला कथा हवी असते, पाठभेद नव्हे. परंतु वर्गात शुभवर्तमानांविषयी बोलणाऱ्या शिक्षकाने हेच रूप मूळ समजून शिकविले, तर चार साक्षी होत्या ही गोष्टच विद्यार्थ्यांपासून लपते. त्यासाठी पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीकवरून केलेले, त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये केडगावच्या मुक्तिसदनात छापलेले भाषांतर हाती घ्यावे. तेथे तारा मत्तयाच्या पानावर आहे आणि गव्हाण लुकाच्या.