एका कार्डाला एक कार्ड

चित्र म्हटले की मोठी चौकट, मोठे दालन आणि मोठी किंमत डोळ्यांसमोर येते. पण साधारण पत्त्याच्या पानाएवढे चित्र काढायचे, ते विकायचे नाही, फक्त दुसऱ्याच्या चित्राशी बदलायचे, असा छंद आज अनेक देशांत जोपासला जातो. वाचकहो, आपल्या घरात वहीच्या मागच्या पानावर चित्रे काढणारे मूल असेल किंवा हातात सुई घेतली की फूल उमटवणारी बाई असेल, तर त्यांना हा मजकूर वाचून दाखवा.

या कार्डांची सुरुवात स्वित्झर्लंडमधील झुरिच शहरात झाली. एम. व्हॅन्ची स्टिर्नेमान या कलावंताने 1997 साली आपल्या हाताने केलेल्या 1200 कार्डांचे प्रदर्शन मांडले. शेवटच्या दिवशी त्याने लोकांना बोलावले, ते मात्र गिऱ्हाईक म्हणून नव्हे. ज्याला कार्ड हवे त्याने त्याच मापाचे स्वतःचे कार्ड करून आणावे आणि बदलून न्यावे. पाहायला आलेला माणूस असा स्वतःच चित्रकार झाला! त्याच वर्षी चक स्टेक या नावाने ओळखले जाणारे कलावंत डॉन मेबी यांनी कॅनडातील कॅलगरी शहरात अशा अदलाबदलीच्या बैठका सुरू केल्या.

टपालाने कला पाठवण्याची रीत त्याहून जुनी. न्यूयॉर्कचे रे जॉन्सन 1950 च्या दशकापासून चिकटचित्रे लिफाफ्यात घालून ओळखीच्यांना पाठवीत. यात तुमची भर घाला आणि अमक्याला पाठवा, असेही कळवीत. चित्र पोस्टमनच्या पिशवीतून घरोघर फिरे.

आता अदलाबदल म्हटले की आपल्या वडीलधाऱ्यांना बलुत्याची आठवण व्हायची. राबायचे आपण आणि पदरात किती टाकायचे ते दुसऱ्याने ठरवायचे! या कार्डांचा व्यवहार अगदी उलटा आहे. येथे एकाला एक. नावाजलेल्या चित्रकाराचे कार्ड असो की शाळकरी पोराचे, मोजदाद सारखीच. पसंत नसेल तर नाही म्हणायची मुभा दोघांनाही. मला या छंदातले हेच सर्वांत मोलाचे वाटते.

पुढे अशाच मापाची चित्रे इंटरनेटवरील लिलावात विकलीही जाऊ लागली. त्यांना इंग्रजीत एसीईओ असे वेगळे नाव मिळाले. ज्याचे पोट कलेवर आहे त्याने चित्र विकले तर त्यात गैर काही नाही. कामाचा दाम मिळालाच पाहिजे. पण विक्रीचे कार्ड वेगळे आणि बदलीचे वेगळे, एवढे ध्यानात ठेवावे.

माप ठरलेले आहे. रुंदी अडीच इंच, उंची साडेतीन इंच, म्हणजे 64 बाय 89 मिलिमीटर. यात फरक चालत नाही. बाकी सारे मोकळे. रंग, शाई, भरतकाम, कापडाचे तुकडे, जुन्या वर्तमानपत्राची कात्रणे, काहीही चालते. कागदासाठीही वेगळा खर्च नको. आपल्याकडे लग्नसराईत जमलेल्या पत्रिकांची कोरी बाजू उत्तम. ए-फोर मापाच्या जाड कागदातून नऊ कार्डे निघतात. मागे आपले नाव, तारीख आणि चित्राचे नाव लिहावे. एकाच चित्राच्या पाच प्रती केल्या असतील तर ही कितवी, तेही लिहावे.

टपालाची अदलाबदल बहुधा एक जण जमवून आणतो. तो विषय आणि मुदत कळवतो. प्रत्येकाने समजा तीन कार्डे आणि स्वतःचा पत्ता घातलेला, तिकीट लावलेला लिफाफा पाठवायचा. सगळ्यांची कार्डे आली की तो ती मिसळतो आणि प्रत्येकाला इतरांची तीन परत धाडतो. परदेशातून परत येणाऱ्या लिफाफ्याला आपली तिकिटे चालत नाहीत, म्हणून तिकडच्या माणसाशी थेट एकास एक बदल करणे सोयीचे.

कार्ड पातळ प्लॅस्टिकमध्ये घालून, पाठीला पुठ्ठ्याचा तुकडा लावून लिफाफ्यात सरकवावे, म्हणजे दुमडत नाही. मणी किंवा बटण चिकटवले असेल तर लिफाफा जाड घ्यावा. लहान मुलाचे कार्ड असेल तर मागे पत्ता मोठ्यांचा घालावा. आणि एका चित्राच्या प्रती केल्या असतील तर पहिली घरातच ठेवावी. गेलेले कार्ड परत मागता येत नाही.