सूची हाताशी, तरी आरभी सापडेना!

तंजावरजवळ कावेरीच्या काठी तिरुवैयारु नावाचे गाव आहे. संतकवी त्यागराज (1767-1847) यांची समाधी इथेच आहे. दरवर्षी पौष वद्य पंचमीला शेकडो गायक-वादक इथे जमतात आणि त्यांच्या 'पंचरत्न' कृती एकसाथ गातात. मराठी माणसाला हा मुलूख परका नाही. त्या काळी तंजावरच्या गादीवर भोसले घराणे होते आणि सरफोजीराजे त्यागराजांचे समकालीन होते.

त्यागराजांच्या सुमारे 700 रचना आज उपलब्ध आहेत. शिष्यांनी त्या पाठ केल्या, उतरवून घेतल्या म्हणून टिकल्या. आता समजा, आपल्या घरात कर्नाटक संगीत शिकणारी मुलगी आहे आणि तिला आरभी रागातल्या सगळ्या कृती हव्या आहेत. पुस्तकाच्या शेवटी सूची आहे, पण ती आधी तालाप्रमाणे आणि मग प्रत्येक तालात रागाप्रमाणे लावलेली. 'आदितालातला आरभी' म्हटले तर पान लगेच सापडते. नुसते 'आरभी' म्हटले की पंचाईत!

मुलगी काय करील? आदितालाच्या यादीत आरभी पाहील, मग थेट रूपकाच्या यादीवर जाईल, मग मिश्र चापूच्या. ताल मोजकेच, तेव्हा थोड्याच उड्यांत काम होईल. गंमत म्हणजे, जगभर वापरल्या जाणाऱ्या पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरला ही साधी युक्ती सप्टेंबर 2025 मध्ये आलेल्या 18 व्या आवृत्तीत साधली. त्याआधी ते अशा वेळी सगळी सूची चाळत बसे, नाहीतर सूची बाजूला ठेवून मूळ नोंदी एकेक करून पाही. ऑरॅकलसारख्या विकत मिळणाऱ्या प्रतिस्पर्ध्याकडे ही सोय कितीतरी वर्षे आधीपासून होती, हेही सांगायला हवे.

सातशे गाण्यांसाठी एवढा खटाटोप कशाला, असे आपण म्हणाल. बरोबर आहे. पण रुग्णालयाच्या किंवा बँकेच्या लाखो नोंदींत हीच अडचण आली की खिडकीपुढची रांग वाढते. मात्र सूचीतला पहिला रकाना मोजक्या प्रकारांचा असेल तरच ही उडी फळते. तालाऐवजी तिथे हजारो नावे असती, तर उड्या मारूनच दमछाक झाली असती.

कुकर लावून भाजी चिरणे

दुसरी सुधारणा गृहिणींना लगेच कळेल. कुकर लावल्यावर शिटीची वाट पाहत कोणी ओट्यापाशी उभे राहत नाही. तेवढ्यात भाजी चिरून होते. जुन्या आवृत्त्या मात्र डिस्कवरून माहितीचा एक तुकडा मागवायच्या आणि तो येईपर्यंत बऱ्याचदा ताटकळत राहायच्या. नवी आवृत्ती पुढचे तुकडे आधीच मागवून ठेवते. काही कामांत वाचनाचा वेग तीनपटीपर्यंत वाढतो, असे निर्मात्यांचे म्हणणे आहे. 'काही कामांत' हे शब्द विसरू नयेत. माहिती आधीच मेमरीत असेल तर फरक फारसा जाणवणार नाही.

आवृत्ती बदलताना होणारा एक त्रासही कमी झाला आहे. कुठल्या रकान्यात काय आणि किती आहे, याचा अंदाज डेटाबेस बांधून ठेवतो आणि त्यावरून शोधाची वाट ठरवतो. पूर्वी नव्या आवृत्तीत जाताना हे अंदाज मागेच राहत. नव्या गावी बदली झालेल्या पोस्टमनसारखी त्याची अवस्था होई. आता त्यातले बहुतेक अंदाज सोबत येतात.

वाळवी लागली हे कळणार कसे?

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात सुमारे 49 हजार हस्तलिखिते आहेत. त्यांत ताडपत्रेही आहेत आणि आपल्या मराठी पोथ्याही. ताडपत्राला कीड लागली तर छिद्रे दिसतात. डिस्कवरची अक्षरे बिघडली तर डोळ्यांना काहीच दिसत नाही. म्हणून प्रत्येक पानाची बेरीज मांडून ती पानासोबतच ठेवतात. पान वाचताना बेरीज जुळली नाही, तर बिघाड ओळखता येतो. ही सोय पूर्वीही होती, पण मुद्दाम सुरू करावी लागे. 18 व्या आवृत्तीत नवा डेटाबेस उभारला की ती आपोआप सुरू असते. माझ्या मते वेगापेक्षा हीच सुधारणा मोलाची आहे. अर्थात, बेरीज फक्त बिघाड सांगते, दुरुस्त करत नाही. दुसरी प्रत आपली आपणच राखायची.

हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. 1986 मध्ये अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठात त्याची सुरुवात झाली. दरवर्षी त्याची मोठी आवृत्ती येते आणि प्रत्येकीला पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात. 13 व्या आवृत्तीची मुदत नोव्हेंबर 2025 मध्ये संपली. आपल्या शाळेचे, पतपेढीचे किंवा सोसायटीचे काम त्यावर चालत असेल, तर आवृत्ती कोणती आहे, हे व्यवस्था पाहणाऱ्याला एकदा जरूर विचारावे.