कृपाण डोईला बांधून गोदावरीत

गोदावरी नांदेडचे घाट मागे टाकून खाली येते आणि मुधोळजवळच्या बासरला पोहोचते. बासरच्या सरस्वतीपुढे लेकराला अक्षराभ्यासाला बसवायचं आणि त्याआधी नदीत बुडी मारून घ्यायची, ही रीत इथल्या मराठी आणि तेलुगू घरांत सारखीच. मुधोळ आज तेलंगणात आहे, जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातून फुटलेल्या निर्मल जिल्ह्यात. पण १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत हा मुलूख नांदेड जिल्ह्यातच होता. आणि नांदेड म्हणजे शिखांचं मोठं धर्मपीठ. त्यामुळे पगडीवाला माणूस इथे कुणाला नवा नाही. तरीही एखादा अमृतधारी, म्हणजे खालसा पंथाची दीक्षा घेतलेला, शीख नदीत पोहायला उतरत असेल, तर क्षणभर थांबून बघावं.

तो कपडे काढतो, पण कच्छा अंगावरच राहतो. कडं मनगटात, कंगवा केसांत. छोटी कृपाण तो डोईला बांधतो आणि मग पाण्यात झेप घेतो. बाहेर आल्यावरची हिकमत तर आणखी भारी. ओल्या कच्छ्यातून एक पाय काढून तो आधी कोरड्यात घालतो, मगच दुसरा. पूर्ण उतरवला असा एक क्षणही येऊ द्यायचा नाही. १६९९ मध्ये खालसा पंथ उभा राहिला, त्यात दीक्षा घेणाऱ्याने पाच ककार (केस, कंगवा, कडं, कच्छा आणि कृपाण) अंगावेगळे करायचे नसतात. पोहताना नाही, कुस्तीत नाही, झोपेतही नाही.

आपल्या सोवळ्याची सवय असलेल्या माणसाला हे उलटंच वाटतं. आपण पवित्र वस्तू जपतो ती दूर ठेवून. घामाचा हात लागू नये, चिखल उडू नये, खेळून आलेल्या पोराने देवघरात शिरू नये. इथे पवित्र वस्तू घामात, चिखलात, पाण्यात सोबत येते आणि बाटत नाही. ती अंगावरून उतरली, तरच चुकलं.

याची मुळं गुरू नानकांच्या ‘आसा दी वार’ या रचनेत सापडतात. सुतक मानायचंच ठरवलं, तर ते नाही कुठे, असा त्यांचा सवाल आहे. गोवरीत किडे, लाकडात किडे, धान्याच्या दाण्यादाण्यात जीव. आणि ज्या पाण्याने धुवायचं, ते पाणी तर सगळ्या जीवनाचा आरंभ. मग स्वयंपाकघर कसल्या सुतकापासून वाचवणार? खरं सुतक म्हणजे मनाचा लोभ, जिभेचं खोटं, परक्याच्या धनावरचा डोळा आणि चहाडी ऐकणारा कान.

याच्याही आधी हाच पेच मांडला होता तो आपल्या नामदेवांनी. त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत. त्यातल्या आसा रागातल्या एका पदात ते देवाला न्हाऊ घालायला घागर भरतात आणि थबकतात: या पाण्यात लाखो जीव आधीच राहून गेलेत, हे उष्टं पाणी विठ्ठलाला कसं घालू? फुलं भुंग्याने हुंगलेली, दूध वासराने उष्टावलेलं. म्हणजे शुद्ध असं काही उरतच नाही, आणि विठ्ठल तर त्या पाण्यातही आहेच.

आता गंमत पाहा. नामदेवांचं नाव मिरवणारं नर्सी शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात. त्यांचं हे पद ज्या ग्रंथात आहे, तो नांदेडच्या तख्त सचखंड हजूर साहिबात विराजमान. आणि त्याच तख्तावर रोज, पहाट व्हायच्या कितीतरी आधी, गागरिया सिंघ गोदावरीवर जाऊन घागर भरून आणतो. त्या पाण्याने आतली जागा धुतली जाते. दिवाळीच्या सुमाराला ‘तख्त स्नान’ होतं, तेव्हा तर संगतच्या संगत घागरी घेऊन नदीवर लोटते आणि गुरूंची शस्त्रंही धुऊन लखलखीत होतात. नामदेवांनी जी घागर भरून प्रश्न विचारला, तीच घागर त्यांच्याच शब्दांशेजारी रोज रिकामी होते! मला यात विसंगती दिसते, पण ढोंग दिसत नाही. घागर वाहणाऱ्याला विचाराल तर तो त्याला शुद्धी म्हणणार नाही, सेवा म्हणेल. तरी गाभाऱ्यात मोजक्या सेवेकऱ्यांनीच जायचं, हा हजूर साहिबचा कडक दंडक नानकांच्या त्या सवालाशी पुरता जुळतो, असं काही मला म्हणवत नाही.

खेळाशी मात्र या पंथाचं वैर कधीच नव्हतं. दुसरे गुरू अंगद यांनी खडूर साहिबला कुस्तीचा आखाडा चालवला. गुरू गोविंदसिंगांनी आनंदपूरला होळीचा होला केला: रंगांच्या जोडीला लुटुपुटीच्या लढाया, घोडेस्वारी, शस्त्रांचा सराव. १७०८ मध्ये नांदेडला त्यांचं देहावसान झालं आणि तो खेळ गोदाकाठी रुजला. होळी, दसरा, दिवाळीला इथे ‘हल्ला’ निघतो. अरदास संपते न संपते तोच उपसलेल्या तलवारींसह हजारो माणसं एकदम धावत सुटतात. प्रार्थना कुठे संपली आणि खेळ कुठे सुरू झाला, ते बघणाऱ्याला सांगता येत नाही.

मग बंदी कशावर? आपल्याकडच्या निवांतपणाच्या नेमक्या खुणेवर. पारावर बसून तळहातावर तंबाखू-चुना मळणं, ही मराठवाड्यातली मैत्रीची पहिली पायरी. अमृतधारी तिथून उठतो. १९४५ साली संमत झालेल्या शीख रहत मर्यादेत, म्हणजे पंथाच्या आचारसंहितेत, तंबाखू हे चार मोठ्या कुरहितांपैकी (निषिद्ध कृत्यांपैकी) एक आहे. ते घडलं, तर पुन्हा अमृत घ्यावं लागतं. जुगारही निषिद्ध, म्हणजे पत्त्यांच्या डावावर पैसे लागले की तो बाहेर. शिवाशिव, शकुन, मुहूर्त हे मात्र मानूच नयेत, असं हीच मर्यादा सांगते. तरी काही ‘बिबेकी’, म्हणजे अधिक काटेकोर, शीख सर्वलोहाच्या (लोखंडाच्या) भांड्यात, अमृतधाऱ्याच्याच हातचं खातात. त्यांच्याबरोबर सहलीला जायचं तर डबा कुणी करायचा, हे आधी ठरवावं लागतं.

सोवळं पाळणारे दुसरेही असतात. २०१४ च्या आशिया चषकात भारताच्या अमृतपाल सिंग आणि अमज्योत सिंग या बास्केटबॉलपटूंना मैदानात उतरायचं तर पगडी उतरवा, असं पंचांनी बजावलं. आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने तो नियम २०१७ मध्ये सोडला. फुटबॉलवाल्यांनी २०१४ मध्येच पगडीला वाट दिली होती. आणि २०२३ मध्ये गोव्यातल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत शिखांचा गतकाच पदकाचा खेळ झाला. एका हातात काठी, दुसऱ्या हातात ‘फर्री’ ही छोटी ढाल, आणि काठीचा समोरच्याच्या अंगाला स्पर्श झाला की गुण.