धनादेशानंतरचे वर्ष

मार्च महिना उजाडला की आमच्या छोट्याशा कौटुंबिक न्यासाच्या बैठकीत अर्जांची चळत येते. छत्रपती संभाजीनगर आणि आसपासच्या तालुक्यांतील आठ-दहा संस्था दरवर्षी अनुदान मागतात. कुणी निराधार वृद्धांना सांभाळते, कुणी ऊसतोड कामगारांच्या मुलांचे शिक्षण पाहते, तर कुणी अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरी परिचारिका पाठवते. पूर्वी आम्हाला हे काम सोपे वाटे. अर्ज वाचायचे, ओळखीच्यांकडे चौकशी करायची, धनादेश द्यायचा आणि छायाचित्र काढायचे. धनादेशानंतर संस्थेचे वर्ष कसे जाते, याची विचारपूस आम्ही कधी केली नव्हती. ती करण्याची वेळ आमच्याच एका चुकीने आणली.

ती चूक समजण्यासाठी अशा संस्थांकडे पैसा कोणत्या वाटेने येतो, हे आधी पाहावे लागेल. वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा येथील कारखान्यांमुळे ‘सीएसआर’ हा शब्द आपल्या शहरातील संस्थांच्या तोंडी चांगलाच रुळला आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याचे कलम १३५ त्यामागे आहे. ज्या कंपनीचे नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा वर्षाचा निव्वळ नफा ५ कोटी रुपये अथवा त्याहून अधिक असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात. संस्थेमार्फत खर्च करायचा, तर त्या संस्थेची शासनाकडे ‘सीएसआर-१’ ही नोंदणी हवी. १ एप्रिल २०२१ पासून ती बंधनकारक आहे. कंपनीचे संचालक मंडळ वर्षाचा आराखडा मंजूर करते आणि पैसा ठरलेल्या कामावरच लागला, हे कंपनीच्या वित्तप्रमुखाला प्रमाणित करावे लागते. अनेक वर्षे चालणाऱ्या प्रकल्पाची रक्कम शिल्लक राहिली, तर वर्ष संपल्यावर ३० दिवसांत ती स्वतंत्र बँक खात्यात ठेवून पुढील तीन वर्षांत वापरता येते. अन्य कामांची शिल्लक मात्र सहा महिन्यांच्या आत शासनाने निर्दिष्ट केलेल्या निधीत भरावी लागते. वर्षअखेरीस काही देणगीदारांना अचानक संस्थांची आठवण का होते, याचे उत्तर बव्हंशी येथेच आहे.

परदेशी निधीचे नियम याहून कडक आहेत. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला मिळालेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. मोठ्या संस्थेच्या हातून ज्यांना चार पैसे मिळत, त्या खेड्यांतील लहान संस्थांची ती वाट बंद झाली. याखेरीज सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या प्रत्येक संस्थेला हिशेबाचे लेखापरीक्षण करून धर्मादाय कार्यालयात अहवाल दाखल करावा लागतो, तो वेगळाच.

हे नियम गैर आहेत असे मी म्हणणार नाही. दुसऱ्याचा पैसा ज्याच्या हाती येतो, त्याने जाब दिलाच पाहिजे. प्रश्न इतकाच आहे की, जाब लिहिणाऱ्याच्या पगाराचे काय?

आपल्या वाचकांना हा प्रश्न समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्या अनेक संघांत देवद्रव्य, ज्ञानद्रव्य, जीवदया आणि साधारण अशी खाती वेगळी असतात. देवद्रव्याचा रुपया दुसरीकडे वळवायला कुणी धजत नाही. ‘निश्चित हेतूसाठीचे अनुदान’ ही आजची संज्ञा आपण कितीतरी आधीपासून आचरणात आणली आहे. आणि ज्यांनी संघाचा कारभार पाहिला आहे, त्यांना हेही ठाऊक आहे की साधारण खात्याची पेटी नेहमीच हलकी असते. बोली मोठ्या उत्साहाने लागते, पण मुनीमजींचा पगार आणि विजेचे बिल भरायला कुणी पुढे येत नाही.

आमची चूक नेमकी हीच. पैठण तालुक्यात घरोघर रुग्णसेवा करणाऱ्या एका संस्थेने अर्जात हिशेबनिसाचे अर्धवेळ मानधन मागितले होते. आम्ही त्यावर काट मारली. सीएसआरच्या नियमातील ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चासाठी आहे. आम्ही ती ऐकीव माहितीवर संस्थेलाच लावून मोकळे झालो. पावत्या लावण्याचे काम परिचारिकेवर पडले. दिवसभर जखमांची मलमपट्टी करून आलेली ती बाई रात्री नोंदी लिही. उपयोगिता प्रमाणपत्र दोन महिने उशिरा आले आणि प्रमाणपत्राशिवाय दुसरा हप्ता द्यायचा नाही, हा आमचाच ठराव. तेवढा काळ गाडीच्या इंधनाला पैसे नव्हते. भेटी थांबल्या. अंगावर झोपून झोपून झालेल्या जखमा मात्र हप्त्याची वाट पाहत नाहीत.

वर्षअखेरच्या अहवालात संस्थेने हे जसेच्या तसे लिहिले. भेटी कमी झालेल्या पाहून आमच्यातील काहींनी अनुदानात कपात सुचवली. एक ज्येष्ठ विश्वस्त तेवढे म्हणाले, “खरे लिहिल्याबद्दल दंड केला, तर पुढच्या वर्षी खोटे लिहिलेले वाचावे लागेल.”

खरे पाहता, वर्षाचे माप माणसाच्या दुःखाला बसतच नाही. लातूर जिल्ह्यातील किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा. त्यानंतर शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांना पुण्याजवळ वाघोलीला नेऊन त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. चौथीतल्या मुलाचे शिक्षण ३१ मार्चला संपत नसते. तेथे वर्षावर्षाने निर्णय फिरवला असता, तर त्या मुलांनी कुणाकडे पाहायचे होते?

आम्ही तीन बदल केले. अनुदान तीन वर्षांसाठी कबूल करायचे. त्यातील ठरावीक हिस्सा ‘साधारण’ म्हणून मोकळा द्यायचा. त्यातून हिशेबनीस नेमा नाहीतर गाडीचे टायर बदला. आणि अहवाल दोनच पानांचा मागायचा, ज्यात ‘काय जमले नाही’ हा रकाना रिकामा ठेवता येणार नाही.

एका विश्वस्तांचा मोकळ्या हिश्श्याला अजूनही विरोध आहे. हेतू न बांधलेला पैसा कुठे झिरपतो ते कळत नाही, असे ते म्हणतात. आणि व्यवहार पाहिलेल्या माणसाचे हे म्हणणे झटकून टाकण्यासारखे नाही. म्हणून वर्षातून दोनदा आमच्यापैकी एकाने संस्थेत जाऊन पावत्या पाहायच्या, आणि जमल्यास परिचारिकेबरोबर चार घरेही हिंडायची, असे ठरले आहे. येत्या आषाढात पैठण तालुक्यात तेच जाणार आहेत.