घराबाहेरचा सराव

आमच्या मांडवगण फराट्यात फुटबॉल कमीच; पोरं क्रिकेटवाली. मी मात्र शाळेत खेळ शिकवतो, म्हणून २०२०-२१ची इंडियन सुपर लीग आवर्जून पाहिली. कोरोनामुळे अकराही संघ गोव्यात मुक्कामी होते. हॉटेलातून मैदान, मैदानातून हॉटेल. सामने फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोत, प्रेक्षकांविना.

त्यांतल्या मुंबई सिटी संघाचं घरचं मैदान मुंबईत, पण तो अख्खा मोसम त्यांनी परमुलखात काढला. प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा नवे, बरेच खेळाडूही नवे. एरवी संघ महिनाभरासाठी बाहेरगावी शिबिर लावतात, त्यामागचं कारण इथं नीट दिसतं. आधी दमसास वाढवायचा, मग चेंडू पायात ठेवून खेळण्याची घडी बसवायची, शेवटी सरावाचे सामने. हे घरी राहूनही होतं, पण संध्याकाळी जो तो आपापल्या घरी जातो. ऊसतोडीची टोळी एकत्र राहते म्हणून कोयत्यांचा मेळ बसतो, तसंच हे. अर्थात कंटाळाही तेवढाच येतो, त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

१३ मार्च २०२१ला फातोर्ड्यात अंतिम सामन्यात मुंबईच्या बिपिन सिंगनं ९०व्या मिनिटाला गोल केला आणि मोहन बागान २-१नं हरलं. पुढच्या वर्षी आशियाई चॅम्पियन्स लीगसाठी मुंबईचा संघ रियाधला गेला. तिथं इराकच्या हवाई दलाच्या संघाविरुद्ध पिछाडीवरून विजयाचा गोल केला तो मुंबईकर राहुल भेकेनं, डोक्यानं.